मऊ टब

टेलरबाईला शेडमध्ये येऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत सासूबाईंनी तिला मोठ्या टेबलाला बोट म्हणून लावू दिलं नव्हतं.

टेलरबाई हे नाव तिला शेडनेच दिलेलं. त्याआधी बारा वर्षं ती एका दुकानात लोकांचे कपडे आत-बाहेर करायची. पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करायच्या आणि आजारातून उठलेल्यांच्या घट्ट. मालकाने दुकानाला कुलूप लावलं आणि त्याच महिन्यात तिचा नवरा बोटीच्या ओल्या फळीवरून घसरून कमरेने कायमचा दुखावला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. नवरा घरी बसून शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरायचे पिंजरे दुरुस्त करू लागला, आणि सासूबाई तिला म्हणाल्या, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. माझे जुने गमबूट आहेत, होतील तुला." झालं. सुई सुटली आणि गमबूट पायात आले.

शेड धक्क्याला लागूनच होती. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची कायम ओली जमीन, भिंतीवर गुंडाळून ठेवलेले रबरी पाइप. मध्ये स्टीलचं लांबलचक टेबल आणि त्याच्याभोवती सहा बायका. सकाळी बोटी लागल्या की टोपल्या टेबलावर रित्या व्हायच्या. मग एकेक शेवंड पाठीवरून उचलायची, पितळी माप लावायचं, डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या शेवटापर्यंत. मापाला कमी भरली की परतीच्या टोपलीत. उलटी करून शेपटीखाली बघायचं, अंडी असली तरी परतीच्या टोपलीत. संध्याकाळी ती टोपली एक बोट खोल पाण्यात सोडून यायची. उरलेल्यांच्या नांग्यांना रबर चढवायचं आणि जात बघून ज्या त्या टबात सोडायचं. हे सगळं एका शेवंडीला चार-पाच सेकंदांत. ज्यांना हे जमतं त्या बायकांशी वाद घालू नये असं शेडचे पुरुषही मानत.

टेबलाच्या दारालगतच्या पहिल्या जागेवर सासूबाई चौतीस वर्षं उभ्या होत्या. थंड पाण्याने त्यांची बोटं आता वाकून आकड्यासारखी झाली होती. रबर चढवायला बोटं मिटावी लागतात, ती मिटत नव्हती. या महिन्याअखेर त्या थांबणार होत्या. जागा सुनेला मिळू शकत होती, पण नवा नियम आला होता: बिल्ला असेल तोच टेबलाशी उभा राहील, आणि बिल्ल्यासाठी परीक्षा द्यावी लागेल. परीक्षा वर्षातून एकदाच. नापास झाली तर जागा प्रतीक्षेतल्या पुढच्या बाईला जाणार. नवरा बोटीवर परत जाणार नव्हता, दुकान उघडणार नव्हतं. घर त्या एका जागेवर उभं होतं, आणि हे कुणी बोलून दाखवत नव्हतं म्हणून ते जास्तच जड झालं होतं.

आणि अशा वेळी सासूबाईंनी सुनेला काय दिलं होतं? मऊ टब!

मऊ टब शेडच्या मागच्या कोपऱ्यात होता. निळा, अर्ध्या झाकणाचा, पाणी अगदी हळू येणारा. शेवंडीचं कवच काही तिच्याबरोबर वाढत नाही. अंगाला घट्ट झालं की ती ते टाकून देते. कात टाकलेली शेवंड आतून अशी निघते की सोललेलं उकडलेलं अंडं बरं. तिला चिमटीत धरलं तर बोट रुतावं. इतर शेवंडींत राहिली तर त्या तिला खाऊन टाकतात; नात्यागोत्याचा विचार त्यांच्यात नाही. म्हणून टेबलावर अशी कुणी सापडली की हाक यायची, "टेलरबाई, मऊ!" मग टेलरबाईने ओंजळ घेऊन धावायचं, ओंजळीत पाण्यासकट आणायची, टबात सोडायची, वर झाकण ओढायचं. दिवसातून दहा वेळा पाणी बघायचं. कवच धरायला आठवडे लागायचे. तोवर काम काय? बघत बसणं.

"दुसऱ्यांच्या सुना महिन्याभरात टेबलाशी उभ्या राहिल्या," ती रात्री जेवताना नवऱ्याला म्हणायची. "मी काय बाळंतिणीची दाई आहे?"

नवरा आईचाही होता आणि बायकोचाही, त्यामुळे तो आणखी भात वाढून घ्यायचा.

एकदा तिने टबातलं रिकामं कवच कचरा समजून काढून टाकलं, तेव्हा मात्र सासूबाई टेबल सोडून तिच्याकडे आल्या. चौतीस वर्षांत कुणाला बोलायला म्हणून त्या टेबल सोडून गेल्या नव्हत्या म्हणे.

"कुठे टाकलंस?"

"बादलीत. रिकामंच होतं ना आई."

"परत आण. ते तिचं आहे. तेच कुरतडून खाते ती, त्यातूनच तिचं नवं घट्ट होतं. कुणाचं जुनं असं फेकून देऊ नये गं."

टेलरबाईने कवच परत आणलं. मनात म्हणाली, शिकवायचंच आहे तर टेबलावरचं शिकवा की.

शिकवत नव्हत्या असं नाही. शिकवत होत्या, पण त्यांच्या तऱ्हेने. दुपारच्या सुट्टीत दोघी उलट्या टोपल्यांवर डबे उघडून बसायच्या, आणि सासूबाई घासाघासाला एकेक जात सांगायच्या. भिंतीवर परीक्षेचा तक्ता होता, पाच चित्रं आणि खाली छापील नावं. सासूबाई त्या तक्त्याकडे बघायच्याही नाहीत. त्यांनी स्वतः नव्या नवरीच्या दिवसांत ही जनावरं पाठ केली होती, आणि पाठ करायला हाताशी जे होतं ते वापरलं होतं. सासरची माणसं.

"ही बघ, सासू," त्या मोठ्या नांगीवालीकडे बोट करायच्या. "दोन हात, दोन्ही वेगळे. एक जाड, त्याने भरडते. एक बारीक, त्याने कातरते. आणि जाड हात सगळ्यांचा एकाच बाजूला नसतो, एखादी डावरी निघते. म्हणून रबर चढवण्याआधी बघायचं कुठला हात कसा आहे. माझी सासू डावरी होती."

"आणि ही?"

"ही नणंद. अंगभर काटे, तेही पुढे रोखलेले. मिशा बघ, अंगापेक्षा लांब. धरली की करकर आवाज करते, सगळ्या शेडला कळतं. पण नीट बघ, नांगी आहे का कुठे? नाही. चावायला काहीच नाही बिचारीला. सगळा कारभार काट्यांचा आणि आवाजाचा."

चपटी शेवंड म्हणजे भावजी. मिशांच्या जागी दोन रुंद पापुद्रे, अंग असं चपटं की कुणीतरी चुकून वर बसलं असावं. दिवसभर दगडाखाली पडून राहणार, अंधार पडला की जेवायला बाहेर. सडपातळ, लांब नाजूक नांग्यांची आणि कच्चीच असताना गुलाबी-नारिंगी दिसणारी ती धाकटी जाऊ. जरा ऊन लागलं की मान टाकते, तिला आधी गारव्यात न्यायची. आणि शेवटचा तो आखूड, शेपूट पोटाखाली दुमडून बसलेला, हा लांबचा पाहुणा.

"हा मुळात शेवंडच नाही," सासूबाई आवाज खाली आणून सांगायच्या, जणू त्याला ऐकू जाईल. "शंखात राहतो ना खेकडा, त्यांच्यातला. पण बसतो आमच्या पंगतीत. लग्नात नसतो का एखादा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. जेवून जातो!"

टेलरबाई इतकी हसली की घास अडकला. ही नावं एकदा कानात गेली ती गेली. रात्री नवरा तक्त्याची नक्कल पुढे धरून विचारायचा, "ही कुठली?" आणि तिच्या तोंडून पहिलं यायचं, "नणंद." मग जीभ चावून, "काटेरी शेवंड."

"परीक्षेत असं लिहिशील आणि ताईसमोर पडशील," नवरा म्हणायचा.

ताई म्हणजे तिची खरी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. शेडच्या ऑफिसात कारकून होती, आणि परीक्षेच्या दिवशी बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडमच्या शेजारी बसून नोंदी तीच करणार होती. ताई टेलरबाईशी आठ महिन्यांत धड बोलली नव्हती. हजेरी मांडताना सुद्धा "आलात का" एवढंच, आणि तेही असं की उशीर झाल्यासारखं वाटावं. टेलरबाईने तिचं काय घोडं मारलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी नणंद हे नाव आपल्या नणंदेवरून ठेवलं होतं खरं, पण ते ताईलाही असं बेतून बसत होतं की टेलरबाईतल्या टेलरलाही कौतुक वाटावं.

परीक्षेच्या दिवशी सहा उमेदवार होते. ऑफिसामागच्या खोलीत एक मोठा टब समुद्राच्या पाण्याने भरून ठेवला होता आणि त्यात बारा जनावरं. प्रत्येकाला नंबराची छोटी चिठ्ठी: नांगीवाल्यांच्या रबराला, काटेरीच्या मिशीला, जिथे जमेल तिथे. बारा नंबर, वीस मिनिटं. प्रत्येकाची जात, नर की मादी, आणि अवस्था लिहायची. नऊ बरोबर म्हणजे पास. नावं तक्त्यावरचीच हवीत, असं मॅडमनी दोनदा वाचून दाखवलं. परीक्षा झाली की ही सगळी जनावरं समुद्रात परत जाणार होती, त्यामुळे त्यांना तरी पास-नापासाची चिंता नव्हती.

टेलरबाईचा नंबर शेवटचा लागला. सासूबाई बाहेर बाकावर येऊन बसल्या होत्या. "काही सांगणार का?" तिने आत जाताना विचारलं. "हात गार ठेव," त्या म्हणाल्या. एवढंच. आशीर्वाद म्हणावा तर आशीर्वाद, सूचना म्हणावी तर सूचना.

खोलीत मॅडम घड्याळ समोर ठेवून बसल्या होत्या. उंच, बारीक, चष्मा गळ्यात लटकवलेला. शेजारी ताई, वही उघडून.

"सुरू करा."

तिने एक नंबर उचलला. सासू. शेपटीखालचे पहिले दोन बारीक पाय कडक, म्हणजे नर. तक्त्यावर नांगीवाली. लिहायच्या आधी सगळ्या एकदा बघून घ्याव्यात म्हणून तिने ती ठेवली. दोन, तीन. मग चार.

चार नंबर पाण्याच्या तळाशी स्वस्थ होती. हलत नव्हती. नांग्यांना रबर, रबराला चिठ्ठी, डोळे, मिशा, सगळं जागच्या जागी. तिने पाठीवरून उचलली आणि हात सरळ वर आला, पूर्ण भरलेली समजून उचललेली पिशवी रिकामी निघावी तसा.

आधीच्या पाच जणांनी काय लिहिलं असेल हे तिला कळायला वेळ लागला नाही. हलत नाही म्हणजे मेली. लिहा आणि पुढे जा. पण मेलेली शेवंड जड असते. तिने पाठ आणि शेपूट यांच्यामधली फट बघितली. उसवलेली शिवण तिला कुणी शिकवायला नको होती. हे कवच होतं, आख्खं, नुसतं. आतली निघून गेली होती. पहाटे कधीतरी, या टबात, अकरा जणांच्या मधोमध.

मग ती आहे कुठे?

"मॅडम, यात एक मऊ आहे," ती म्हणाली.

"तुमच्या कागदावर लिहा."

"चिठ्ठी कवचावर राहिली. ती स्वतः कुठेतरी लपलीय. बाकीच्या खातील तिला."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "वेळ थांबत नाही. सतरा मिनिटं आहेत तुमच्याकडे."

इथे शहाण्या माणसाने काय करावं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. कागद ओढावा, बारा नंबर लिहावेत, पास व्हावं, आणि मग काय शोधायचं ते शोधावं. टेलरबाईलाही हे ठाऊक होतं. नवऱ्याची कंबर, घर, सासूबाईंची वाकलेली बोटं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पण आठ महिने सवय लागली होती. "मऊ" म्हटलं की पाय धावायचे. तिने बाह्या सारल्या आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले.

टबाच्या तळाशी ठेवलेल्या दगडांखाली नव्हती. चपट्या भावजींच्या पोटाखाली नव्हती. भावजी नेहमीप्रमाणे झोपले होते. तिने एकेकीला बाजूला करत टबाची कड चाचपली. घड्याळाचा आवाज तिला ऐकू येत होता आणि ताईच्या पेनाचा येत नव्हता, म्हणजे ताईही बघत होती. शेवटी हवेच्या नळीच्या मागे, टबाच्या कोपऱ्यात, तिच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत, जवळजवळ काहीच नसल्यासारखं लागलं. आणि तिथेच एक काटेरी आपल्या लांब मिशांनी त्या कोपऱ्याचा अंदाज घेत उभी होती.

"तू हो बाजूला," टेलरबाई म्हणाली, आणि काटेरी करकर करत मागे सरली.

तिने कोपऱ्यातली पुसायची बादली विसळली, टबातलंच पाणी तिच्यात घेतलं. मग ओंजळ खाली नेली, बोटं जुळवून, न मिटता. मऊ शेवंड आपण होऊन ओंजळीत बसेपर्यंत टेलरबाई थांबली. उचलून बादलीत सोडली. एक पाय किंचित कुरतडलेला होता, बाकी शाबूत. मग तिने चार नंबरचं कवच चिठ्ठीसकट उचललं आणि तेही बादलीत टाकलं.

"ते परीक्षेचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते तिचं जेवण आहे मॅडम."

घड्याळात पाच मिनिटं उरली होती. आता हात असे गारठले होते की पेन धरवेना. तिने एकेक उचललं आणि लिहीत सुटली. डोक्याला विचारायला वेळ नव्हता, हाताला जे माहीत होतं ते हाताने लिहिलं. कोपरावरून पाणी कागदावर ठिबकत होतं. "वेळ संपली," मॅडम म्हणाल्या तेव्हा बारावं लिहून झालं होतं, आणि तेव्हाच तिने आपण काय लिहिलं ते वाचलं.

सासू, नर. सासू, मादी. भावजी. धाकटी जाऊ. लांबचा पाहुणा. आणि सहा, सात, नऊ या तिन्ही नंबरांपुढे, ठसठशीत: नणंद.

कागद ओढून घ्यावा तर तो ताईने उचललाही होता. ताईने तो वरून खाली वाचला. तिच्या भुवया सहा नंबरला वर गेल्या आणि खाली आल्याच नाहीत.

"काय लिहिलंय?" मॅडमनी हात पुढे केला.

ताईने कागद दिला नाही. तो टेबलावर ठेवला. टेबल त्या दिवशी सकाळपासून ओलंच होतं, आणि कागद पालथा पडला. ताईने वर आपला तळहात ठेवला. चुकून की मुद्दाम हे तिलाच ठाऊक. उचलला तेव्हा अक्षरांचा निळा चिखल झाला होता.

"भिजलाय," ताई म्हणाली. "वाचता येत नाही. नियम नऊ, मॅडम. कागद पाण्याने खराब झाला तर तोंडी घ्यायची. शेडमधली परीक्षा म्हणून तो नियमच ठेवलाय."

मॅडमनी चष्मा लावून ताईकडे बघितलं, मग कागदाकडे. "नियम नऊ," त्या सावकाश म्हणाल्या. "ठीक. सहा नंबर दाखवा आणि सांगा."

टेलरबाईने सहा नंबर उचलला, आणि आजवर पाठ केलेली सगळी तक्त्याची नावं डोक्यातून उडाली. तोंडून तेच आलं.

"नणंद. म्हणजे, काटेरी शेवंड. नांगी नाही, अंगभर काटे. मिशा लांब. धरली की मिशांच्या मुळाशी घासून आवाज करते. मादी. शेपटीखाली अंडी नाहीत."

"नणंद का?"

ताईचं पेन थांबलं. खोलीत काटेरीच तेवढी करकरत होती.

"काटे दिसतात म्हणून सगळे हात आखडतात मॅडम," टेलरबाई म्हणाली. "पण चावत नाही ती. मलाही आत्ताच कळलं."

ताईने मान खाली घातली आणि लिहू लागली. पुढचे नंबर भराभर गेले. नांगीवालीचा जाड हात कुठला, सडपातळ आधी गारव्यात का न्यायची, आखूड हा शेवंड का नाही. लांबचा पाहुणा लग्नात कसा जेवून जातो ते ऐकून मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

"आता चार," त्या म्हणाल्या. "माझ्या यादीत आहे: नांगीवाली, मादी, जिवंत. बाकीच्या पाचही जणांनी लिहिलंय, मेलेली. तुम्ही?"

"बादलीत आहे ती. नांगीवाली, मादी, जिवंत, मऊ. एक पाय कुरतडलाय, पुढच्या कातीला परत येईल. टबात होते ते तिचे कपडे."

निकाल तीन दिवसांनी लागणार होता. पण मॅडमनी यादीतल्या चार नंबरापुढे आपल्या हाताने 'मऊ' असं लिहिलं, ते तिने पाहिलं.

बाहेर येताना बादली तिच्या हातात होती. ताई मागून आली आणि दुसरी कडी धरली.

"अठरा वर्षांची होते मी," ताई एकदम म्हणाली. "मला तो मऊ टब हवा होता. दोन महिने आईच्या मागे लागले. आई म्हणाली, तुझा हात घाईचा आहे, आणि मला ऑफिसात चिकटवलं. चौतीस वर्षांत त्या टबात आईशिवाय कुणाचा हात गेला नाही, माहितीये? टेबल काय, कुणालाही येतं. तू आलीस आणि पहिल्याच दिवशी आईने तुला टब दिला." तिने बादलीतल्या पाण्याकडे बघितलं. "मला फार राग आला होता गं तुझा."

आठ महिने जी शिक्षा समजून भोगली तीच दुसरं कुणी अर्धं आयुष्य मागत होतं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्हीत बादली थोडी हिंदकळली.

"सांभाळ," ताई म्हणाली. "घाई माझी, तुझी नाही."

बाकावर सासूबाईंनी बादलीत वाकून पाहिलं, कवच आत आहे ना हे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पाणी बदलायला हवं."

तीन दिवसांनी बिल्ला आला. बारापैकी बारा. नवऱ्याने तो शर्टाला लावून आरशात बघितला आणि बायकोकडून धपाटा खाल्ला.

नव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी टेलरबाई दारालगतच्या पहिल्या जागेवर उभी राहिली. सासूबाईंनी आपलं पितळी माप तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकलं; तो खिसा तिनेच त्या मापाच्या बेताने शिवला होता. आता त्या घरी जातील, असं सगळ्यांना वाटलं. त्या मागच्या कोपऱ्यात गेल्या, एक टोपली उलटी केली आणि मऊ टबाशी बसल्या.

"अहो आई, तुम्ही थांबणार होता ना?"

"टेबलाचं थांबले. टब कुठे दिलाय तुला? आठ महिने उसना दिला होता, हात बनावा म्हणून. आता परत दे."

"पण तुमची बोटं..."

सासूबाईंनी दोन्ही हात पाण्यात घातले. रबर चढवायला न मिटणारी ती बोटं पाण्याखाली आपोआप ओंजळ होऊन राहिली. मिटायची गरजच नव्हती. टेलरबाई बघत राहिली. तिला ती ओंजळ जमायला तीन महिने लागले होते.

सासूबाई हात वर काढून टेबलापाशी आल्या आणि ओंजळीतली शेवंड तिच्या पुढ्यात ठेवली. एक पाय आखूड, रंग गडद निळा, नवाकोरा. "घे. ओळख."

टेलरबाईने ती पाठीवरून उचलली. नखाने टिचकी मारली, टक्क असा आवाज आला. माप लावलं, मापाला चांगली भरली.

"सासू," ती म्हणाली. "डावरी."

टेबलाभोवतीच्या पाचही बायका हसल्या, आणि ऑफिसाच्या खिडकीतून ताईही. टेलरबाईने परीक्षेची म्हणून चार नंबरला परतीच्या टोपलीत ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि पुढची शेवंड उचलली.